तिपितीवर बसून शिकलेला कसावा

अन्नतंत्रज्ञान शिकून कंदमुळांवर काम करू इच्छिणारी मुलं मला विचारतात, आधी कोणतं यंत्र शिकू? मी म्हणते, आधी किसणी धरा.

ब्राझीलच्या पारा राज्यात, नदीकाठच्या एका गावातल्या ‘काझा जि फारिन्या’त, म्हणजे कसाव्याचं (ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाचं) पीठ करायच्या शेडमध्ये, मी काही आठवडे काढले. त्याआधी प्रयोगशाळेत माझी एक चूक झाली होती. कडू कसाव्यात सायनाइडचं विष असतं. त्याच्या जाड फोडी थेट उकळत्या पाण्यात टाकल्या, अर्ध्या तासाने बाहेरून विकर (एंझाइम) घालून पिक्रेट कागदाने, म्हणजे सायनाइड दाखवणाऱ्या कागदाने, तपासल्या. पिवळा कागद विटकरी झाला. विष तसंच होतं. (पिक्रिक आम्ल कधी कोरडं पडू देऊ नका, ते स्फोटक असतं. हे पहिल्या दिवशीच वहीत लिहा.)

कारण कंदाच्या आतच आहे. लिनामरिन, म्हणजे सायनाइड दडवून ठेवणारा पदार्थ, पेशीच्या पोटात असतं आणि त्याला फोडणारं लिनामरेज हे विकर पेशीच्या भिंतीत. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे उडून जातं. मी मात्र फोडींना आधी उष्णता दिली, विकरच मारून टाकलं. लिनामरिन फोडायला कोणी उरलंच नाही.

गावातल्या आजींना (तिकडे ‘दोना’ म्हणतात) हे रसायन माहीत नव्हतं, पण क्रम पक्का होता. सोलायचं, किसायचं, मग पिळायचं. किसणं आता बहुतेक ठिकाणी मोटरच्या दातेरी रुळावर होतं. वरच्या रिओ नेग्रोकाठचे बानिवा लोक मात्र लाकडी फळीत गारगोटीच्या कपच्या एकेक करून बसवतात. त्या खोऱ्यातल्या शेतीपद्धतीला ब्राझीलने २०१० साली राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं, ते योग्यच झालं.

माझा जीव जडला तो तिपितीवर. अरुमा नावाच्या वनस्पतीच्या पट्ट्यांची तिरकस विणीची, माझ्या उंचीएवढी नळी. आधी ती दाबून आखूड आणि जाड करायची, मग ओला कीस ठासून भरायचा. वरचा फास तुळईला अडकवायचा, खालच्या फाशातून लांब दांडा घालायचा. दांड्याचं एक टोक खांबाच्या खाचेत आणि दुसऱ्यावर आपण बसायचं. नळी लांबते तशी आवळत जाते आणि साऱ्या अंगातून पिवळं पाणी पाझरतं. आपण चक्का टांगतो तेव्हा भार दह्याचाच असतो, इथे भार माणसाचा.

ते पाणी कच्चं असताना विषारी असतं. कोंबड्या-कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचं नाही. ते निवळलं की तळाशी पांढरा साका बसतो. तोच स्टार्च, ज्याचा सेलममध्ये साबुदाणा होतो आणि आपल्या एकादशीला ताटात येतो. वरचं पाणी उघड्यावर बराच वेळ उकळलं की त्याचं ‘तुकुपी’ होतं. पाराची राजधानी बेलेंमध्ये ते ताकाका नावाच्या सारात घालतात. उकळताना वाफेवर वाकू नका.

नवखे लोक तिपितीचा फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही घड्याळ लावून बसा. किसल्यापासून पिळेपर्यंत किती वेळ गेला, पिळण्याआधी आणि नंतर वजन किती, हे लिहा. आफ्रिकेत दुष्काळात, युद्धात विष निघायची अशीच वाट बघणं घाईत कापलं गेलं आणि कोंझो नावाच्या आजाराने मुलांचे, बायांचे पाय कायमचे लुळे पडले. पोर्तुगीज कामापुरती तरी शिकून जा. दुभाष्यामार्फत ‘अजून नाही’ आणि ‘आता’ यांतलं अंतर कळत नाही.

चौथ्या दिवशी आजींनी भाजायचं लांब उलथणं माझ्या हातात दिलं. परातीएवढ्या नव्हे, खोलीत मावेल तेवढ्या तव्यावर चाळलेला कीस. मी रंग बघत होते. त्यांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ऐक.” ओली थपथप हळूहळू कमी झाली आणि वाळूसारखी सळसळ सुरू झाली. तेव्हा त्यांनी जाळ ओढून घेतला.