चाचे पकडले, मग गुन्हा कुठं दाखल करणार? सागरी सुरक्षेच्या कामात येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी

‘दादा, मेरिटाइम सिक्युरिटीत करिअर करायचंय, कोर्स कुठला करू?’ असा मेसेज कराडहून येतो, विट्याहून येतो, तासगावहून येतो. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यात मर्चंट नेव्ही असते आणि उरलेल्यांच्या डोक्यात मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण मी करतो ते काम यातलं नाही. ज्या देशांना किनारा मोठा आणि त्यावर पोलिसिंग करायला माणसं, बोटी, कायदे, वकील तोकडे, त्यांना बाहेरून मदत करणारे प्रकल्प असतात. त्या प्रकल्पांसाठी मी प्रशिक्षणाचं साहित्य लिहितो, तिथल्या यंत्रणेत नेमकं काय कमी आहे याचे अहवाल तयार करतो आणि तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांना सरावासाठी खोटे खटले रचून देतो. मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला, साताऱ्यात एलएलबी केलेला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला. तेव्हा किनाऱ्यावर वाढलो नाही याचा बाऊ करू नका, या कामात त्याचं काही अडत नाही.

अडतं ते दुसरीकडं. त्यावर बरंच लिहिणार आहे, कारण माझी पहिली मुलाखत तिथंच फसली.

आधी पसारा थोडक्यात. सोमालियाच्या किनाऱ्यावर 2008 च्या सुमारास चाचेगिरी उफाळली तेव्हा जगभरच्या नौदलांनी जहाजं पाठवली. युरोपीय संघाची अटालांटा मोहीम त्याच वर्षी सुरू झाली. चाचे पकडलेही जायला लागले. पण पकडलेल्यांचं करायचं काय, यावर घोडं अडलं. अनेकदा हत्यारं समुद्रात फेकून माणसं सोडून दिली, कारण खटला चालवायला कुणी तयार नव्हतं. यातूनच संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाचा चाचेगिरीविरोधी कार्यक्रम 2009 मध्ये पूर्व आफ्रिकेत उभा राहिला. केनिया, सेशेल्स अशा देशांना खटले चालवण्यासाठी मदत, सरकारी वकिलांना प्रशिक्षण, दुभाषे, शिक्षा झालेल्यांना ठेवायला धड तुरुंग, असं सगळं त्यात आलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकारानं जिबूती आचारसंहिता, म्हणजे चाच्यांविरुद्ध त्या भागातल्या देशांनी एकमेकांना मदत करायचा समझोता, झाली आणि 2017 च्या जेद्दा दुरुस्तीनं तिच्यात तस्करी, बेकायदा मासेमारी असले इतर गुन्हेही आले. पश्चिम आफ्रिकेसाठी 2013 ची याउंदे आचारसंहिता आहे. आशियात रीकॅप हा चाचेगिरीविरोधी सहकार्याचा करार 2006 पासून लागू आहे, त्याचं माहिती केंद्र सिंगापूरला आणि त्यासाठी आपल्याकडून संपर्क ठेवतं ते भारतीय तटरक्षक दल.

भारत यात फक्त घेणारा नाही, देणाराही आहे. मॉरिशसची ‘बॅराकुडा’ ही गस्ती नौका कोलकात्यात बांधलेली. सेशेल्स, मालदीवलाही नौका आणि डॉर्नियर विमानं दिलीत. गुरुग्रामला 2018 पासून हिंद महासागर क्षेत्राचं माहिती केंद्र चालतं, तिथं परदेशी संपर्क अधिकारी बसतात. 2025 मध्ये तर ‘सुनयना’ या आपल्या युद्धनौकेवर 9 मित्रदेशांचे नौसैनिक आपल्या लोकांबरोबर एकत्र फिरले. ही नावं पाठ करून मुलाखतीला जाणारे खूप असतात. जा, पण त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

प्रश्न विचारतात तो असा. ‘एका बोटीतून सहा हत्यारबंद माणसं आली, मालवाहू जहाजावर चढली, खलाशांना मारहाण करून लूट नेली. तुम्ही त्या देशाच्या तटरक्षक दलाचे सल्लागार आहात. पुढं काय?’

आपण लगेच बोट, हेलिकॉप्टर, कमांडो सुरू करतो. समोरचा शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, ‘किनाऱ्यापासून किती मैलांवर?’ इथं दांडी उडते. माझी उडाली, माझ्यानंतर आलेल्या कित्येकांची उडताना पाहिली.

हे नीट समजून घ्या, कारण पुस्तकात ते चार ओळींत उरकलेलं असतं. किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. ही घटना 9 मैलांवर घडली तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत ती चाचेगिरी नाहीच. ती समुद्रातली सशस्त्र लूट. तपास त्या किनारी देशाच्या पोलिसांचा, कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं. बाहेरच्या नौदलाला तिथं परवानगीशिवाय हात घालता येत नाही. तीच माणसं, तीच बोट, तीच लूट 30 मैलांवर घडली तर ती चाचेगिरी, आणि 1982 च्या समुद्र कायदा कराराच्या कलम 105 प्रमाणं कोणत्याही देशाची युद्धनौका त्यांना पकडू शकते आणि पकडणाऱ्या देशाचं कोर्ट खटला चालवू शकतं. आपल्याकडं महामार्गावर अपघात झाला की उंब्रजची हद्द का बोरगावची, हे आधी बघतात ना, तसंच. फरक इतकाच की इथं रस्त्यावर मैलाचा दगड नसतो आणि दोन ठाण्यांच्या जागी दोन देश असतात.

‘पण 200 मैलांपर्यंत आपलाच समुद्र असतो ना?’ हा पुढचा खड्डा. नाही. 200 मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र हे मासे, तेल, वायू अशा साधनसंपत्तीच्या हक्कासाठी. चाचेगिरीपुरते खुल्या समुद्राचे नियम तिथंही लागू होतात. एमपीएससीच्या गाईडमधल्या त्या रंगीत आकृतीनं या बाबतीत जेवढं नुकसान केलंय तेवढं दुसऱ्या कशानं नाही. सगळे पट्टे एकाच देशाच्या झेंड्याच्या रंगात रंगवलेले!

अजून संपलं नाही. त्याच जहाजावरच्या खलाशांनी बंड करून जहाज ताब्यात घेतलं तर? ती कलम 101 मधली चाचेगिरी नाही, कारण तिथं दुसरं जहाज लागतं आणि हेतू खासगी लागतो. इटलीच्या ‘अकिले लॉरो’ या प्रवासी जहाजावर 1985 मध्ये हल्लेखोर प्रवासी म्हणूनच चढलेले होते. त्या प्रकरणानंतर अशा हल्ल्यांसाठी 1988 चा वेगळा करार करावा लागला. आणि पाठलागाचं? गुन्हा तुमच्या पाण्यात झाला, बोट पळाली, तुम्ही सलग पाठलाग करत खुल्या समुद्रात जाऊ शकता. पण मध्ये खंड पडला तर हक्क गेला, आणि ती बोट दुसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरली की तुम्ही थांबायचं. रडारवर ती दिसत असली तरी.

हे सगळं कागदी वाटत असेल तर ‘अलोन्द्रा रेनबो’ वाचा. 1999 मध्ये इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालेलं हे जपानी मालकीचं जहाज पळवलं, खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं, जहाजाचं नाव रंगवून ‘मेगा रामा’ केलं. आपल्या नौदलानं आणि तटरक्षक दलानं ते अरबी समुद्रात पकडलं. कामगिरी जबरदस्त. मुंबईच्या सत्र न्यायालयात 2003 मध्ये शिक्षा झाली, आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. तेव्हा चाचेगिरीसाठी आपल्याकडं वेगळा कायदाच नव्हता. आता त्याच्या शेजारी ‘रुएन’ ठेवा. डिसेंबर 2023 मध्ये पळवलेलं हे जहाज मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं भारतापासून साधारण 2600 किलोमीटरवर अडवलं, 17 खलाशी सुटले, 35 चाचे शरण आले. टीव्हीवर तुम्ही मार्कोसच्या पॅराशूट उड्या पाहिल्या असतील. आमच्या धंद्यातले लोक मात्र पुढचा आठवडा बघत होते. त्या 35 जणांना मुंबईत आणून 23 मार्चला यलो गेट पोलीस ठाण्याच्या ताब्यात दिलं, कारण आता 2022 चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा हातात होता.

प्रशिक्षणात आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो पकडणं आणि कोर्ट या दोन टोकांच्या मधल्या जागेवर. बोटीत रायफल सापडली. ती कुणी उचलली? उचलण्याआधी फोटो काढला का? जीपीएसची वेळ आणि जहाजाच्या लॉगमधली वेळ एकच आहे का, का एक स्थानिक आणि एक यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ? पिशवीला सील कुणी लावलं, बंदरात पोहोचेपर्यंत पिशवी कुणाच्या ताब्यात होती? साताऱ्याच्या कोर्टात पंचनाम्यावरून केस कशी फुटते हे ज्यानं ज्युनियरशिप करताना पाहिलंय, त्याला हे शिकवावं लागत नाही. खरं सांगतो, तालुका कोर्टातली दोन वर्षं मला परदेशी पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडली. तिथं काढलेला काळ फुकट गेला असं वाटणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आता शॉर्टकटबद्दल, जरा स्पष्टच. दोन दिवसांचा ऑनलाइन ‘मेरिटाइम सिक्युरिटी एक्स्पर्ट’ कोर्स आणि वर सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, यावर पैसे घालू नका. कुणी विचारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीसाठी कुणी अर्जाचे, मुलाखतीचे, प्रोसेसिंगचे पैसे मागितले तर तो चोर आहे, त्याचं ऑफिस कितीही चकचकीत असो. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर फी घेत नाहीत.

दुसरं, आपल्याकडच्या निवृत्त फौजी भावांसाठी. अपशिंग्यासारख्या गावांतून आलेल्या, हत्याराची सवय असलेल्या माणसाला जहाजावर सशस्त्र गार्डची नोकरी चांगल्या डॉलरमध्ये मिळते. घ्या, पण करार वाचून. ‘सीमन गार्ड ओहायो’ हे तरंगतं शस्त्रागार, म्हणजे अशा गार्डना आणि त्यांच्या हत्यारांना समुद्रात ठेवणारं जहाज, 2013 मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ अडवलं आणि त्यावरचे 35 जण अटक झाले, त्यात भारतीयही होते. 2016 मध्ये शिक्षा झाली, 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सोडलं. मधली चार वर्षं गेली ती गेलीच. भांडण कशावरून होतं? जहाज आपल्या प्रादेशिक समुद्रात होतं का, आणि होतं तर का. परत तेच 12 मैल.

मेंटॉरचं म्हणाल तर माझं मत लोकांना आवडत नाही. लिंक्डइनवर रोज सुविचार टाकणारा मेंटॉर शोधू नका. तुमचा मसुदा लाल करून परत पाठवणारा माणूस शोधा. मला असा एक निवृत्त तटरक्षक अधिकारी भेटला. कौतुक त्यांनी कधी केलं नाही, पण माझ्या अहवालातलं ‘क्षमता वाढली’ हे वाक्य खोडून बाजूला लिहायचे, ‘कुणाची? कशी मोजली?’ डोनर, म्हणजे निधी देणाऱ्या देशांना, किती जणांना प्रशिक्षण दिलं हा आकडा आवडतो. पण प्रशिक्षण घेतलेला अधिकारी सहा महिन्यांनी बदली होऊन विमानतळावर गेला असेल तर त्या आकड्याला अर्थ काय?

बोटींचंही तसंच. आणि इथं इंजिनियर, डिप्लोमावाल्यांना मोठी संधी आहे, जी कुणी सांगत नाही. मदत म्हणून आलेली बोट धक्क्यावर बांधून ठेवलेली दिसते, कारण डिझेलला बजेट नाही, सुट्या भागांना सहा महिने लागतात आणि दुरुस्त करणारा माणूस नाही. सांगलीचा माझा एक मित्र, डिप्लोमा मेकॅनिकल, आधी ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये होता, आता आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून बसवलेल्या, इंजिनांची देखभाल शिकवतो. त्याचा पहिला तास असा असतो: गिअर ऑइल काढून पांढऱ्या वाटीत ओततो. दुधाळ दिसलं की समजायचं, सील गेलंय, आत पाणी शिरलंय. मग गस्तीवरून आल्यावर गोड्या पाण्यानं इंजिन कसं धुवायचं, गंज रोखणारे झिंकचे तुकडे कधी बदलायचे. बास. त्याच्या वर्गातून गेलेल्या बोटी चालतात. मी लिहिलेल्या धोरणांबद्दल तेवढ्या खात्रीनं सांगता येणार नाही.

शिक्षणाचं: गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठात किनारी आणि सागरी सुरक्षेचा विभाग आहे. दिल्लीच्या नॅशनल मेरिटाइम फाउंडेशनमध्ये संशोधनाचं काम जवळून बघता येतं. माल्टाला सागरी कायद्याची, स्वीडनमध्ये माल्मोला सागरी विषयांची संस्था आहे, दोन्ही आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, आणि शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय तिकडं जायचा विचार घरचं शेत विकून करू नका. संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. नैरोबीत सहा महिने बिनपगारी राहायची ऐपत आपल्या घरातून किती जणांची असते? त्यामुळं ती नाही मिळाली म्हणून मागं पडलात असं अजिबात नाही. त्यांच्या सुरुवातीच्या व्यावसायिक पदाला मास्टर्स आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो अनुभव पोलीस, कोर्ट, बंदर, वर्कशॉप, कुठलाही चालतो, फक्त अर्जात तो त्यांना कळेल असा मांडता आला पाहिजे.

नोकऱ्या मात्र पक्क्या नसतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. करार वर्षाचा, कधी त्याहून कमी. डोनर देशात सरकार बदललं की निधी आटतो. माझं एक काम असंच अर्ध्यावर बंद झालं आणि मी परत येऊन काही महिने साताऱ्यात नोटरीची कागदं करत बसलो होतो. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा यूएनमध्ये आहे’ असं मामांनी सांगितलं तर त्यांना तिथंच थांबवा.

आणि भाषा. आपल्याकडं सगळे जर्मनच्या क्लासला पळतात. या कामासाठी फ्रेंच शिका. मादागास्कर, कोमोरोस, जिबूती आणि पश्चिम आफ्रिकेचा बराचसा किनारा फ्रेंचमध्ये कागद लिहितो. जमलं तर मोझांबिकसाठी पोर्तुगीज. क्लास नसेल तर ऑनलाइन, पण बोलायला माणूस हवा. व्याकरण येतं आणि फोनवर बंदरातल्या हवालदाराशी बोलता येत नाही, असे उमेदवार ढिगानं आहेत. पगाराचं विचाराल तर ते वेगळं लिहीन, पद आणि देश बघून फार बदलतं.