प्रेसनोट पाठवण्याआधी

सांगलीत एका सरकारी खात्याच्या प्रेसनोटा मी बरीच वर्षं लिहिल्या. या कामावर नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी: गप्प बसायची मुभा आपल्याला आहे, खोटं बोलायची नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते चढत असताना एका रात्री वरून फोन आला, "घबराट नको, परिस्थिती नियंत्रणात एवढंच टाका." मी टाकलं. ना फूट, ना वेळ. पहाटे नदीकाठच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, तुमचं वाचून म्हसरं गोठ्यातच ठेवली. आता दावी कापायला बी जाता येईना." मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून पुराची नोट अशी लिहा: "रात्री ९ वाजता ४३ फूट २ इंच, पाणी वाढत आहे, पुढची नोंद १० वाजता." आकडा कुणी दिला तेही लिहा. माहिती नसेल तर "अजून मिळालेली नाही" म्हणा, त्यात कमीपणा नाही. चुकीचा आकडा द्यायला सांगितलं, तर नम्रपणे "साहेब, लेखी द्या" म्हणा. बहुतेकदा विषय तिथेच थांबतो. नाही थांबला, तरी तो आकडा आपल्या हातून जाऊ देऊ नका.

मंत्र्यांच्या कार्यक्रमाची बातमी करताना योजना, पात्रता, अर्ज कुठे करायचा हे द्या. विरोधकांना मारलेले टोमणे पक्ष कार्यालयाने छापावेत. सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम आपल्याला राजकारणापासून लांब ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

अत्याचारपीडित मुलीचं नाव कायद्यानेच देता येत नाही. पण नाव गाळून गाव, शाळा, वडिलांचं दुकान सांगितलं, तर जत-आटपाडीकडच्या छोट्या गावात काय झाकलं? चहा पिता पिता ओळखीच्या वार्ताहरालाही सांगू नका.

काल अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला आज ग्रुपमधून काढू नका. नोट सगळ्यांना एकाच वेळी जाऊ द्या.

आणि चूक झालीच, तर जुना मेसेज गुपचूप डिलीट करू नका. त्याच ग्रुपवर, "दुरुस्ती" असं ठळक लिहून, चुकलेला आणि खरा असे दोन्ही आकडे द्या. त्या रात्रीच्या नोटची दुरुस्ती मी सकाळी सातला केली. पहाटेच करायला हवी होती.