येरवड्याची पत्रं आणि ला प्लाताचं दफ्तर

इतिहासात एम. ए. करणारी मुलं-मुली अधूनमधून गाठतात आणि विचारतात, "ताई, त्या अर्जेंटिनातल्या दफ्तराच्या कामाला कसं जायचं?" उत्तर माझ्या एका चुकीपासून सुरू होतं, म्हणून तीच आधी सांगते.

२०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं आणि शेजारच्या काकूंची पत्र्याची ट्रंक भिजली. आत काकांची आणीबाणीतली पत्रं होती. काका मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबता येणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. मी तोवर मोडीचा वर्ग केला होता, पुराभिलेखागारात दोन वर्षं रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले-बांधले होते. ओला कागद कडक उन्हात टाकायचा नाही, एवढं कळत होतं. एकेक पत्र टीपकागदात ठेवून पंख्याखाली वाळवलं. (कागद जास्त असतील तर पिशव्यांत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका. दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवलं की सवड मिळते.) बॉलपेनची अक्षरं टिकली, शाईपेनची वाहून गेली. पोस्टाचे शिक्के आधीच पुसट, ते तर दिसेनातच. मग मी हौसेनं सगळी पत्रं तारीखवार लावली. काकूंच्या गठ्ठ्यात मार्चच्या पत्राखाली फेब्रुवारीचं, असला घोळ होता. तो मी 'नीट' केला.

तीन वर्षांनी ला प्लाताला गेले. ब्युनोस आयर्सपासून साठेक किलोमीटरवरचं हे शहर. तिथल्या प्रांतिक पोलिसांचा गुप्तवार्ता विभाग १९५६ ते १९९८ एवढा काळ माणसांवर नजर ठेवून होता. विभाग बंद झाल्यावर त्याचं दफ्तर प्रांताच्या स्मृती आयोगाकडे आलं आणि २००३पासून लोकांसाठी खुलं झालं. सुमारे ४० लाख पानं. वेगवेगळ्या देशांतल्या दफ्तरं सांभाळणाऱ्यांनी एकमेकांकडून शिकायचं, अशी आमची देवाणघेवाण या दफ्तराभोवती होती. ग्वाटेमालातून आलेला एक सहकारी होता. त्यांच्याकडे २००५मध्ये पोलिसांच्या आवारात अंदाजे ८ कोटी पानं सापडली, ओलीत आणि घाणीत पडलेली. त्याला पंचगंगेचा महापूर समजावून सांगावा लागला नाही.

ला प्लाताच्या पोलिसांनी कागद 'मेसा'प्रमाणे लावले होते. मेसा म्हणजे टेबल. आपल्याकडे "फाइल कुठल्या टेबलावर आहे?" विचारतात ना, तसंच. अ टेबलावर विद्यार्थी आणि राजकीय पक्ष, ब वर कामगार संघटना, क वर कम्युनिस्ट. आणि एक टेबल 'डीएस', म्हणजे पोलिसांच्या भाषेत 'विध्वंसक गुन्हेगार'. मला वाटलं, हे सगळं नावानुसार लावलं तर शोधायला किती सोपं! शिकवणाऱ्या बाईंनी मान हलवली. एखाद्याचा कागद अ वरून डीएसवर गेला, तर माणूस तोच असतो, पोलिसांची नजर बदललेली असते. नावानुसार लावलं की ती नजरच पुसली जाते.

त्या क्षणी मला काकूंचा गठ्ठा आठवला आणि पोटात गोळा आला. काकूंनी पत्रं हाती आली त्या क्रमानं बांधली होती. मार्चचं पत्र आधी पोचलं, फेब्रुवारीचं मागाहून. मधले आठवडे ते कुणाच्या तरी टेबलावर वाचलं जात होतं. तो 'घोळ' हाच तेवढा पुरावा होता, आणि तो मी स्वतःच्या हातानं मोडला. साधा मोबाइलवर एक फोटो काढला असता तरी भागलं असतं.

आता तुमच्या कामाचं. स्पॅनिश किमान ए-टू पातळीची, म्हणजे रोजचं साधं बोलणं कळण्याइतकी हवी, त्याखाली गेलात तर नुसते पाहुणे व्हाल. अर्जात मोठमोठ्या गप्पा नकोत. मी एक पान फक्त मोडीच्या रुमालांवर लिहिलं. दफ्तर ज्यानं लावलं त्याचा क्रम फेरिस्तीत, म्हणजे कागदांच्या यादीत, का राखायचा, हे. गंमत म्हणजे मला निवडलं ते त्या पानामुळे. स्वतःच लिहिलेलं घरी पाळलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी! शिष्यवृत्ती राहण्या-जेवणाला पुरते, तिकिटाचे पैसे आधी जमवा. व्हिसासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईच्या दोन फेऱ्या गृहीत धरा.

पोलिसांचा कागद खरा मानून वाचू नका. 'चकमकीत ठार' अशी नोंद असते, आणि माणूस त्याआधीच कोठडीत असतो. मराठी पेपर वाचून मोठं झालेल्याला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. दुसरं, तिथे माणसाला स्वतःची फाइल मिळते, पण तिच्यातली इतरांची नावं काळी करून. हे काळं करण्याचं काम आठवडाभर माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी कळलं की आडनाव झाकून भागत नाही. गल्ली आणि कारखान्याचं नाव राहिलं तर शेजारीही माणूस ओळखतात.

आणि देवाणघेवाण म्हटल्यावर तुम्हालाही विचारतात. "तुमच्याकडचे कागद कुठे आहेत?" आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा आकडा मला पाठ होता. मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं आत होती. त्यापुढे मी अडखळले. २०१८मध्ये राज्य सरकारनं आणीबाणीतल्या बंदींना मानधन जाहीर केलं, तेव्हा पेठेतली म्हातारी माणसं तुरुंगाचा दाखला शोधत वणवण फिरली, हे सांगितलं. सगळे गप्प झाले. जाण्याआधी सरकारी कागद जपण्याबद्दलचा सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ वाचून जा. माझी तिथे पंचाईत झाली.

परत आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. "तवाच इचारायचं की गं," म्हणाल्या, आणि पत्रं मांडीवर घेऊन बसल्या. एक थोरल्याच्या मुंजीच्या दिवशी आलेलं. एक त्या माहेरी असताना, ते पोस्टमन परत घेऊन गेला होता. अशी अकरा पत्रं त्यांनी आठवून लावली. उरलेल्या एकवीस पत्रांपुढे मी फेरिस्तीत लिहिलं : 'मूळ क्रम नोंद करणारीच्या हातून गेला, ऑगस्ट २०१९.'