स्क्रीनचं डिझाइन आधी फोनच्या गॅलरीत उघडून बघा

लॅपटॉपवर मस्त दिसणारं ॲपचं बटण फोनवर आलं की अंगठ्याखाली गायबच होतं, आणि हे कळतं कधी तर सगळं कोडिंग झाल्यावर.

मी आता काय करतो, कोड लिहायच्या आधीच स्क्रीनचा फोटो फोनवर टाकतो.

१. डिझाइन फोनच्याच मापात, म्हणजे ३६० डीपी (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं मापाचं एकक) रुंदीच्या फ्रेममध्ये, म्हणजे चौकटीत करा आणि तीनपट साइजची पीएनजी (इमेज फाइल) काढून स्वतःला पाठवा.

२. गॅलरीत फुल स्क्रीन उघडा, झूम नको.

३. फोन एका हातात धरा आणि पकड न बदलता अंगठा प्रत्येक बटणावर नेऊन बघा. माझ्या एका फॉर्ममध्ये 'सेव्ह'ला खेटूनच 'डिलीट' होतं, अंगठा ठेवला तर दोन्ही एकदमच झाकली गेली! लॅपटॉपवर माउसने महिनाभर क्लिक करत होतो पण एकदाही खटकलं नव्हतं.

जिथे अंगठा ताणावा लागतो तिथे रोजचं बटण नकोच, ते खाली आणा. माप म्हणाल तर अँड्रॉइडला किमान ४८ डीपी, आयफोनला ४४ पॉइंट (आयफोनचं तसंच एकक) धरा, आयकॉन छोटा असला तरी चालतो, त्याच्याभोवतीची टच होणारी जागा तेवढी पाहिजे, आणि दोन बटणांत ८ डीपी तरी सोडा.

फक्त एक, फोटोत कीबोर्ड दिसत नाही. टायपिंगचा स्क्रीन असेल तर खालचा अर्धा भाग हाताने झाकून बघा, 'पुढे' बटण त्याच्याखाली तर जात नाही ना.