लोकस ऑफ कंट्रोल आणि चिकाटीचं प्रॅक्टिकल करताय? या चुका टाळा

आधी मानसशास्त्रज्ञ रॉटरची स्केल भरून घ्यायची (आयुष्यातल्या गोष्टी आपल्या हातात आहेत असं वाटतं की नशिबाच्या, म्हणजेच लोकस ऑफ कंट्रोल, हे मोजणारी प्रश्नावली), मग न सुटणारं कोडं द्यायचं आणि कोण किती वेळ झटतं ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण जर्नल लिहायला बसलं की कळतं डेटा कुठे कुठे बिघडलाय.

पहिला घोळ स्कोअरिंगचा. रॉटरच्या १९६६ च्या स्केलमध्ये विधानांच्या २९ जोड्या आहेत, त्यातल्या ६ नुसत्या भरतीच्या, मोजायच्या फक्त २३, आणि स्कोअर जास्त म्हणजे माणूस बाह्य नियंत्रणवाला, म्हणजे सगळं नशिबाच्या किंवा इतरांच्या हातात मानणारा. हे उलटं धरलं की अख्खा रिझल्ट उलटा.

पण खरी गडबड कोड्यात होते. पेन्सिल न उचलता, तीच रेष परत न गिरवता आकृती काढायची, हे कोडं बेस्ट आहे, फक्त बरेच जण फुलीवालं घर देतात आणि ते खालच्या कोपऱ्यातून सुरू केलं की सुटतं, शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं! छप्पर काढून नुसता चौकोन आणि दोन कर्ण ठेवले तर चारही कोपऱ्यांत तीन-तीन रेषा येतात. विषम संख्येने रेषा येणारे बिंदू दोनपेक्षा जास्त झाले की आकृती सुटणं अशक्य, हा नियम धरून थोडी गुंतागुंतीची आकृती स्वतः बनवा. आधी एक सुटणारी द्या म्हणजे संशय येत नाही. आणि दर प्रयत्नाला नवा कागद द्या, वेळेसोबत प्रयत्नही मोजता येतात. १० मिनिटांची मर्यादा घातली आणि सगळेच १० मिनिटं बसले तर फरक काय दिसणार, म्हणून मर्यादा सैल ठेवा.

स्केल कोड्यानंतर लगेच भरून घेऊ नका, नुकतंच हरलेलं माणूस नशिबाकडे झुकू शकतं. काही दिवस आधीच भरून घ्या.

सूचना कागदावर लिहून शब्दशः वाचा. मानसशास्त्रज्ञ हिरोटोच्या १९७४ च्या, त्रासदायक आवाज बंद करायच्या प्रयोगात काम कौशल्याचं आहे की योगायोगाचं, एवढं सांगण्यानेच फरक पडला होता, त्यामुळे "बघ, लक असेल तर सुटेल" असं सहज म्हणालात तरी प्रयोग बदलला.

लवकर सोडणारा कमी चिकाट असंही लगेच लिहू नका, त्याला कोडं अशक्य आहे हे कळलंही असेल, म्हणून का सोडलं ते विचाराच.

आणि शेवटी कोडं सुटणारं नव्हतंच हे खरं सांगायला विसरू नका प्लीज. माझी एक प्रयुक्त (जिच्यावर प्रयोग केला ती) पंचवीस मिनिटं झटली, मी थँक्यू म्हणून पाठवून दिलं, दोन दिवसांनी ती म्हणाली "मी इतकी ढ आहे का गं?" मग तिच्यासमोर बसून एकेका कोपऱ्यातल्या रेषा मोजून दाखवल्या.