शालू टिपण्याआधी कॉसमॉस टिपा

लग्नाच्या फोटोग्राफीत येऊ पाहणारी पोरं-पोरी विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ? मी सांगतो, आधी आहे त्या मोबाईलवर कॉसमॉस काढून दाखवा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पाऊस ओसरला की कुणाच्या ना कुणाच्या परसात हे फूल असतंच. याच्या दोन जाती दिसतात: गुलाबी-पांढरं-किरमिजी ते बायपिनेटस, पिवळं-केशरी ते सल्फ्युरियस. दोन्ही मूळची मेक्सिकोची. दसऱ्याला झेंडू भाव खातो, याला हारात कुणी घेत नाही, कारण तोडल्यावर लगेच मान टाकतं. त्यामुळं वाफ्यात शांतपणे काम करता येतं.

आता फूल जवळून बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्या बहुधा आठ असतात आणि त्यातली प्रत्येक एक स्वतंत्र वांझ फूल असते. मधली पिवळी चकती म्हणजे बारीक फुलांचा घोळका. तो बाहेरच्या कड्यापासून आत उमलत जातो. ताज्या फुलात मधे घट्ट मिटलेल्या कळ्या दिसतात. मग बाहेरच्या कड्यातून काळपट नळ्या वर येतात आणि त्यांच्या टोकावर पिवळा पराग बसतो. असं एक-दोन कडी उमललेलं फूल निवडा. सगळीच चकती फुलून पिंजारली की पाकळ्याही लवकरच गळतात, फोटो थकलेला येतो. फोकस पाकळीच्या टोकावर नको, त्या काळ्या-पिवळ्या कड्यावर हवा. माणसाच्या फोटोत डोळ्यांवर धरतो ना, तसाच.

खरी परीक्षा रंगाची. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो, त्यांना चॅनेल म्हणतात. भडक गुलाबी पाकळीत लाल आणि निळी चॅनेल आधी फुटतात, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन त्यातला तपशील पुसला जातो. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, मात्र सगळं ठीक दाखवतो. पाकळीवरच्या बारीक उभ्या शिरा जातात, उरतो नुसता रंगाचा गोळा. नवरीच्या लाल शालूवरची जर याच कारणानं हरवते. म्हणून तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मोबाईलवर फुलावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. पांढरं फूल त्याच उन्हात काढून बघा, तिथं वेगळीच कसरत करावी लागते. मुंडावळ्या आणि सोनं एकाच फ्रेममध्ये आलं की ती कामाला येते.

पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा. बायपिनेटसची पानं दोऱ्यासारखी बारीक असतात, मोबाईलला त्यांची कड सापडत नाही, तो अर्धी पुसून टाकतो. त्यापेक्षा दोन पावलं मागं सरा आणि दोन किंवा तीन पटीची लेन्स वापरा. तुमची सावलीही फुलावर पडणार नाही. कॅमेरा असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 5.6 आणि शटर 1/500 सेकंद, इथून सुरुवात करा. देठ लांब आणि लवचिक, झुळूक आली की फूल फ्रेमबाहेर जातं. सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी, तेव्हा वारा कमी असतो. देठ काडीला चिमट्यानं अडकवला तरी चालतं की, त्यात कमीपणा काही नाही. पाण्याचा फवारा मारून खोटं दव आणणं मला आवडत नाही, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

स्वतः लावायचं असेल तर बी ऑगस्टअखेर टाका. दिवस लहान होऊ लागले की याला फुलं लवकर लागतात, नवरात्र-दिवाळीच्या सुमारास वाफा भरतो. जांबोटी-खानापूरच्या पावसात उंच रोप आडवं होतं, तिथं काठीचा आधार द्या. खत घालू नका. नायट्रोजन जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं, फुलं मोजकीच येतात. हे मला नर्सरीतल्या मावशींनी दोनदा बजावलं, एकदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत.

दाखवायला याल तेव्हा फिल्टर मारलेले फोटो आणू नका. एकाच फुलाचे, वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, मूळ फाईलमधले फोटो आणा. त्यातला कुठला ठेवायचा हे तुम्ही सांगा, का ते मी विचारीन.