सिजिल काढताय? मग पहिली ओळ नीट लिहा

सिजिल म्हणजे आपली इच्छा एका चिन्हात बांधून टाकायची. लंडनचा चित्रकार ऑस्टिन ऑस्मन स्पेअर (१८८६-१९५६) याची ही पद्धत, पुढे १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या केऑस मॅजिकवाल्यांनी (ठरावीक परंपरा न पाळता जे उपयोगी वाटेल ते वापरणारे जादूवाले) उचलली आणि आता रील्समध्ये सगळीकडे दिसते. सामान काही लागत नाही, कागद-पेन बास. पण बरेच जण पहिल्याच ओळीत, म्हणजे इच्छा वाक्यात लिहितानाच गंडतात.

म्हणजे बघा, एमपीएससीवाला लिहितो "मी यंदा पोस्ट काढणार". आता जागा किती निघणार, कटऑफ कुठे लागणार, परीक्षा पुढे ढकलणार का, यातलं काय त्याच्या हातात आहे? त्यापेक्षा लिहा, "मी रोज दोन तास अभ्यास करतो" (नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी हं, बाकीच्यांचं दोन तासात काय होतंय). वाक्य वर्तमानकाळात ठेवा आणि "नको", "नाही" टाळा.

आता स्वर, मात्रा सोडून द्या, जोडाक्षरं फोडा, परत आलेली अक्षरं खोडा. वरच्या वाक्यातून उरतात म र ज द न त स भ य क. शिरोरेषा काढून टाका आणि ही दहा अक्षरं एकमेकांत गुंतवा, म चा दांडा तोच न चा, तोच त चा, द ची शेपटी क च्या पोटात, असं करत करत वाचताच येणार नाही असा आकार झाला पाहिजे. पाच-सहा वेळा काढून बघा, पहिला हमखास किड्यासारखा दिसतो.

मग शांत बसून डोक्यातलं बाकी सगळं गळून जाईपर्यंत त्या चिन्हाकडे एकटक बघायचं, कागद जाळायचा (गॅलरीत, पडद्याजवळ नको) आणि विसरून जायचं. विसरायचं चिन्ह बरं का, अभ्यास नाही, दोन तासांची पहिली बैठक त्याच दिवशी झाली पाहिजे.

महिनाभराने काहीच हललं नाही तर लगेच "कुणीतरी करणी केली", "दृष्ट लागली" सुरू करू नका, आधी वही उघडा आणि किती दिवस खरंच बसलात ते मोजा. दिवस भरलेत आणि तरी निकाल नाही लागला तर स्वतःला झोडपायचंही कारण नाही, जागाच कमी असतात. आणि ते "तुझी व्हायब्रेशन्सच लो होती म्हणून तू आजारी पडलास" म्हणणारे असतात ना, त्यांच्यापासून तर लांबच राहा, जबाबदारी आपल्या कामाची असते, आपल्या पेशींची नसते.

दुसऱ्याच्या नावाने सिजिल काढू नका. "तिने हो म्हणावं" असली वाक्यं तर नकोच, मेसेज करा, विचारा, नाही म्हणाली तर विषय संपला. विक्कावाले (निसर्गपूजा आणि जादू मानणारा आधुनिक पाश्चात्त्य पंथ) पण हेच सांगतात, कुणाला इजा होत नसेल तरच हवं ते कर.

स्वतःच्या वहीत चिन्हं काढायला कुणाची हरकत नाही, पण साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा. त्यामुळे घरात कुणी आजारी असेल आणि सिजिल काढायचाच असेल तर डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसून काढा, नंबर लागेपर्यंत वेळ असतोच.